बँकेचा वाटा

‘माय, सगळा पैसा बँकेत ठेवू नका.’

बँकेचाच माणूस आमच्या ओटीवर बसून असं म्हणाला, तेव्हा सासूबाईंची सुपारी अडकित्त्यातच अडकून राहिली. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चुकलं. गावाच्या जमिनी सरकारने नव्या शहरासाठी घेतल्या होत्या आणि त्यांचे पैसे नुकतेच घराघरात आले होते. त्या दिवसांत आमच्या सारसोळ्यात जो येई तो पैसे मागायलाच येई. सोन्याचा माणूस येऊन गेला, मोटारसायकलवाला येऊन गेला, वर्षात दुप्पट करून देतो म्हणणारा एक टायवाला तर दोनदा चहा पिऊन गेला. आणि ज्याचं कामच लोकांचे पैसे ठेवून घेण्याचं, तो हा माणूस म्हणत होता, ठेवू नका.

‘तुजी नोकरी जाईल रं,’ सासूबाई म्हणाल्या.

‘जाऊ द्या. आधी ऐकून तर घ्या.’

हे सोनकांबळे साहेब. पण एवढं लांब नाव आमच्या गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही. बायकांनी त्याचं सोनासायब केलं आणि पुढे बँकेचा शिपाईही त्यांना तसंच म्हणू लागला. ते नांदेडकडचे. उंच, सावळे, चालताना मान थोडी पुढे. शर्ट पांढराच, आणि बाह्या कोपराच्या खाली दोन घड्या घालून. त्या घड्या दिवसभर हलत नसत. प्रत्येक बाईला ते ‘माय’ म्हणत. शेंबड्या पोरीलाही माय आणि आमच्या सासूलाही माय. आमच्याकडे तसं कुणी म्हणत नाही, त्यामुळे सुरुवातीला बायका तोंडात पदर धरून हसत.

बँक रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांत उघडली होती. साहेब एक, कारकून दोन, शिपाई एक. कारकून ठाण्याहून येऊन-जाऊन करत. साहेबांनी मात्र गावातच खोली शोधायला घेतली. दोन-तीन घरी आडनाव विचारलं गेलं आणि खोली रिकामी नसल्याचं सांगण्यात आलं. आमच्या दारात ते आले तेव्हा कुणी काही विचारायच्या आतच म्हणाले, ‘मी बौद्ध. चालत असंल तर सांगा, नसंल तर पुढं जातो.’ इतकं सरळ कुणी बोलताना मी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘भाडं टायमावर देशील का ते सांग. जात काय मना रांधून घालायची हाय?’

अशी त्यांना आमची पुढची खोली मिळाली. त्यांनी भिंतीला बुद्धाची लहानशी तसबीर लावली, एक खाट टाकली, आणि पहिल्याच दिवशी मला विचारलं, ‘माय, मासा खाताना काटा कोणत्या बाजूला असतो तेवढं सांगून ठेवा.’ परक्या पुरुषाने मला काही विचारायची ती पहिलीच वेळ. मी उत्तर न देता आत पळाले. संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना समोर बसवून बोइट कसा खायचा ते शिकवलं.

सासूबाईंचं नाव चंद्राबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. दोन मुलगे, थोरले माझे घरधनी, ते होडीवर जात. धाकटे मधू भावोजी, शाळा शिकून घरी बसलेले. सासूबाई पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघत आणि मासे विकून घर चालवत. माणसाचा शब्द आणि माशाचं कल्लं बघून घ्यायचं, एवढा एकच त्यांचा नियम. त्यांनी या माणसाला ओटीवर बसवलं होतं म्हणजे कल्लं ताज्या माशासारखं लाल दिसलं असणार.

तर त्या दिवशी, सुपारी अडकलेली असताना, साहेबांनी सांगायला सुरुवात केली. पैशाबद्दल बोलताना ते कुणाच्या तरी मुलाबद्दल बोलल्यासारखं बोलत. हा घरी बसलाय, हा राखणीला उभा आहे, हा उनाड आहे, याच्यामागे फिरू नका. त्यांची ती सवयच होती.

‘पेटीत ठेवलात तर तो नुसता निजून राहतो. डिपॉझिटात ठेवलात तर बँक त्याला कामाला धाडते. तिकडं कंपन्या उभ्या राहायल्यात ना, तिथं. त्याची मजुरी तुमाला मिळते, तिला व्याज म्हणायचं. पण तो राबतो दुसऱ्याच्या घरी आन् घर वाढतं दुसऱ्याचं. थोडा आपल्या घरी बी कामाला लावा की.’

‘आमच्या घरी काय काम हाय त्याला?’

‘होडीला इंजिन घ्या.’

सासूबाई हसल्या. होडीला वल्हं आणि शीड होतं. इंजिनाची होडी गावात एकच, ती मासळीच्या व्यापाऱ्याची. हा व्यापारी पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, सगळ्यांना पैसे द्यायचा. व्याज घ्यायचा नाही. फक्त पुढे जे मासे मिळतील ते त्यालाच द्यायचे, तो म्हणेल त्या भावाने. साहेबांनी विचारलं, जिताड्याला बाजारात काय भाव, तो काय देतो, मग मधलं कुठं जातं?

‘कुठं जातं ते मना म्हाईत हाय,’ सासूबाई फटकन् बोलल्या. ‘मी काय खुली, येडी नाय. पन आखाडात माज्या चुलीवर तांदूल कोन आनतो? तुजी बँक?’

साहेबांनी हातातल्या वहीत ‘आखाड’ असं लिहून घेतलं. चहा पिऊन उठले. मला वाटलं, संपला विषय.

दोन दिवसांनी कर्जाचा कागद घेऊन आले. पावसाळ्याचे महिने हप्त्यातून वगळलेले होते. पण कागद होता म्हशीच्या कर्जाचा. बँकेकडे तेवढेच छापील कागद होते. साहेब ‘म्हैस’ खोडून ‘होडी’ लिहीत आणि पुढचा रकाना वाचत.

‘वय?’

‘कोनाचं, माजं का होडीचं?’

‘होडीचं. दूध किती देते, असं विचारलंय. हे खोडू का?’

‘कशाला खोडतस? लिव, दोन टाइम देते. भरतीला येक, ओहोटीला येक.’

साहेब इतके हसले की कागदावर शाई सांडली. ओटीवरचे सगळे हसले. मी आत हसले. त्या दिवशी जमिनीच्या पैशांतले अर्धे जाळी आणि होडीच्या डागडुजीसाठी काढून ठेवले, अर्धे डिपॉझिटात गेले, ते आणि होडी दोन्ही कर्जाला तारण लागली, आणि सगळं खातं सासूबाईंच्या नावाने झालं. मुलांच्या नावाने करा म्हणून भाऊबंद सांगून गेले होते. साहेबांनी विचारलं, ‘धंदा कोण करतं?’ सगळ्यांनी सासूबाईंच्या पाटीकडे पाहिलं. ‘मग नाव तिचंच.’ गावात बाईच्या नावाने एवढं मोठं खातं नव्हतं. चार दिवस पाणवठ्यावर दुसरं बोलणंच नव्हतं.

विम्यावरून मात्र भांडण झालं. इंजिन घेतलं की विमा काढावाच लागे. सासूबाईंना ते अभद्र वाटलं.

‘होडी बुडंल म्हनून आधीच पैसं भरायचं? दर्यानं आयकलं तर?’

‘हा पैसा राखणदार हाय, माय. शेतात बुजगावणं उभं करता, म्हणजे पाखरं यावीत म्हणून करता का?’

शेवटी नारळ वाढवून, दर्याची माफी मागून विम्याचा कागद घेतला. त्यात लिहिलं होतं, होडी बुडाली, जळाली, आपटून फुटली तर पैसे मिळतील. मी चौथी शिकलेली, सासूबाईंनी मला तो दोनदा वाचायला लावला.

साहेबांचं दुसरं एक वागणं कुणालाच पचलं नाही. मासे विकणाऱ्या बायकांची भिशी होती, तिच्यात त्यांनी आपलं नाव घाला म्हणून सांगितलं. बँकेचा साहेब भिशीत! कारकुनांनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, ‘बँकेला कागद दिसतो. भिशीला माणूस दिसतो. कोणाचं अडलंय, कोण खोटं बोलायलंय, सगळं कळतं इथं.’ त्यांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी सायकल घेतली आणि त्या सायकलवर करावं, शिरवणं ही शेजारची गावं पालथी घातली. कुणाला शिलाईचं मशीन, कुणाला पिठाची गिरणी, अशी कर्जं त्यांनी त्या सायकलवरून वाटली. पण बायकांनी ती सायकल आपलीच धरली. वाटेत दिसले की थांबवत आणि पाटी मागे चढवत. पांढऱ्या शर्टातला बँकेचा साहेब कोळंबीची पाटी लादून सायकल हाकतोय, हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लाजेने कुठे बघावं कळेना. त्यांना मात्र काहीच वाटत नसे.

आता त्या वाट्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन अडलं.

आमच्यात मासे आले की त्यांचे वाटे होतात. होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक, आणि मग माणसांचे. होडी आणि जाळं काही जेवत नाहीत, त्यांचा वाटा त्यांच्या मालकाला जातो. मिळालं तर सगळ्यांना मिळतं, नाही मिळालं तर सगळेच रिकामे. कुणी कुणावर रागवत नाही. हे आमच्या आधीपासूनचं.

इंजिन बसवून होडी पहिल्यांदा लांब गेली आणि भरून आली. सासूबाईंनी खाडीच्या बांधावर बसून वाटे लावले. होडीचा, जाळ्याचा, माणसांचे. मग आणखी एक ढीग लावला.

‘ह्यो कोनाचा?’ माझ्या घरधन्यांनी विचारलं.

‘इंजिनाचा. इंजिन कोनाचं? बँकेचं. मंग वाटा बँकेचा.’

यांना त्यात काही चूक दिसली नाही. मलाही दिसली नाही. सासूबाई पाटी घेऊन थेट बँकेत गेल्या आणि ती त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. पुढचं मला शिपायाने सांगितलं. पाटीतून पाणी ओघळून कागदांवर गेलं, एक कारकून खुर्चीवर पाय वर घेऊन बसला, आणि दोन चिंबोऱ्या टेबलावरून उतरून तिजोरीच्या खोलीकडे चालू लागल्या. साहेब आधी चिंबोऱ्यांच्या मागे धावले. मग विचारलं, ‘माय, हे काय?’

‘तुजा वाटा.’

हप्ता दर महिन्याला रोख भरायचा असतो हे साहेबांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंच्या तोंडावरचा आनंद पाहिला असेल, किंवा त्यांना गंमत वाटली असेल. त्यांनी ती पाटी बँकेच्या मागच्या अंगणात नेली आणि बँक सुटल्यावर कंपनीतून परतणाऱ्या माणसांत तिचा लिलाव केला. व्यापारी देत होता त्याच्या दुपटीहून जास्त पैसे आले. ते त्यांनी पावती करून कर्जात भरले. मग ती रीतच पडली. मासे आले की बँकेचा वाटा अंगणात जायचा, संध्याकाळी लिलाव व्हायचा. बँकेच्या नोटांना माशांचा वास येतो म्हणून ठाण्याचे कारकून कुरकुरत. एकदा लिलाव चालू असताना रंगाच्या कंपनीचे मोठे साहेब मोटारीतून आले. त्यांचं बँकेत मोठ्या कर्जाचं काम होतं. त्यांनी मोटारीतूनच जिताड्याला बोली लावली आणि तो घेऊन गेले. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, ‘आज कंपनीनं आमच्या बँकेचं मासं घेतलं.’ आमच्या बँकेचं. त्या तसंच म्हणू लागल्या होत्या.

त्याच कंपनीत मधू भावोजींना नोकरी लागली. साहेबांनी शब्द टाकला होता. गावातले आणखी बरेच मुलगे लागले. पहिल्या पगारात भावोजींनी पंखा आणला. सासूबाई त्याच्याखाली दुपारभर बसल्या आणि म्हणाल्या, ‘वारा बी इकत मिलतो की.’ घरात दोन वाटांनी पैसा येत होता, एक खाडीतून आणि एक कंपनीतून. व्यापाऱ्याचे पैसे फिटले. आखाडात तांदूळ आमचे आम्ही आणले. बाहेर डोंगर फोडून खाडीकाठची दलदलीची खाजणं भरली जात होती, इमारतींचे खांब उभे राहत होते, आणि मला वाटत होतं की हे सगळं असंच वाढत जाणार. तशी तीन-एक वर्षं गेली.

एका सकाळी हे होडी घेऊन गेले आणि लगेच परत आले. नुसतं खाडीकडे बोट दाखवलं. सासूबाई बांधावर गेल्या, त्यांच्यामागे मीही गेले.

ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी मासे पडले होते. पोट वर करून, पांढरे. पाण्यावरही तेच. बोइट, शिंगाळे, आम्ही ज्यांना हात लावायला मिळावा म्हणून वाट बघायचो ते मोठाले जिताडे. चिंबोऱ्या चिखलातून वर येऊन तशाच मेल्या होत्या. पाण्याला निळसर तवंग आणि औषधासारखा वास. कावळेसुद्धा खाली उतरत नव्हते. गावातले सगळे बांधावर जमले होते, पण आवाज कुणाचा नव्हता. मयताला माणसं जमतात तेव्हासुद्धा कुणीतरी रडतं.

साहेब सायकल टाकून धावत आले. सासूबाईंनी त्यांना पाहिलं आणि पहिलं विचारलं ते हे, ‘इमा हाय ना रं आपला?’



‘तो होडीचा हाय, माय. होडी बुडाली तर.’

‘होडी नाय बुडली. खाडी मेली.’

‘त्याचा विमा नसतो.’

सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी पदर खोचला, चिखलात उतरल्या आणि मेलेले मासे गोळा करायला लागल्या. मला वाटलं, त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. यांनी हाक मारली, त्यांनी ऐकलं नाही. बांधावर मासे टाकून त्या वाटे लावत बसल्या. होडीचा. जाळ्याचा. माणसांचे. आणि बँकेचा.

तो शेवटचा ढीग त्यांनी साहेबांकडे सरकवला. टोमणा म्हणून नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. जे मिळालं त्याचा वाटा, इतकं साधं होतं त्यांच्या मनात.

‘घे. मैन्याचा यवडाच.’

‘माय,’ साहेब म्हणाले, आणि थांबले. ‘माय, बँकेचा वाटा नसतो. हप्ता असतो. मासे मिळोत न मिळोत, तो ठरलेला असतो.’

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात होते, पण त्यांना असं गांगरलेलं पाहिलं नव्हतं.

‘म्हंजे? मासं नाय मिललं तरी तुजं पैसं पुरं?’

‘हो.’

‘मंग इतकी वर्सं वाटा कशाला घेतलास माज्याकडून?’

साहेब त्या ढिगाकडे बघत राहिले.

‘वाटा घेतो तो वाटेकरी असतो. चांगल्यात बी नि वायटात बी. मना वाटलं, तू आमच्यात हायस.’

आजूबाजूला अर्धं गाव उभं होतं. साहेब तिथे पांढऱ्या शर्टात, मेलेल्या माशांच्या ढिगासमोर उभे होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. पण ते तिथून गेले नाहीत. सासूबाईंनी पुढे विचारलं, ‘ह्यो पानी कोनी सोडला?’ मागून मधू भावोजींनी खाली मान घालून सांगितलं की कंपनीचा नाला इकडेच येतो, पाइपही आहे, तिथे सगळ्यांना माहीत आहे.

‘नि त्या कंपनीला पैसं कोनी दिलं?’

हे कुणी सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं. साहेबांनी सांगितलं.

‘बँकेनं. म्हणजे तुमीच, माय. तुमचं डिपॉझिट, गावाचं डिपॉझिट, तेच तिथं कामाला गेलं. मी जाऊन कंपनी बघितली, मीच रिपोर्ट लिहिला. गावची पोरं कामाला लागतील असं लिहिलं. लागली बी. पाणी कुठं जाईल ते मी विचारलंच नाही.’

आमच्याच जमिनीचे पैसे, आम्हीच मोजून दिलेले, पलीकडच्या वाटेने जाऊन आमची खाडी मारून आले होते. आणि त्याचं व्याज आम्ही घेत होतो. त्या पंख्याखाली बसत होतो.

संध्याकाळी साहेब आमच्या ओटीवर आले. बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, बँकेने कंपनीला कर्जाचा पुढचा हप्ता अजून द्यायचा आहे, पाणी साफ करायची टाकी बांधल्याशिवाय तो देऊ नये असं मी वर लिहू शकतो. पण पैसा अडला तर कंपनी बंदही पडू शकते. ‘तुमचा एक पोरगा तिथं हाय. तुमाला विचारल्याबिगर लिहिणार नाही.’

‘म्हणजे माझी नोकरी घालवणार?’ भावोजी ओरडले. ‘एकट्या माझी नाही, सगळ्यांची! दादाची होडी गेलीच आहे, आता माझंही घालवा. मग खायचं काय, बँकेचे फॉर्म?’

यांनी भावाकडे पाहिलं. सासूबाई एकदा एका मुलाकडे आणि एकदा दुसऱ्याकडे बघत होत्या. एक खाडीतला, एक कंपनीतला. मी चुलीजवळ बसून मनात म्हणत होते, यांनी काही बोलू नये, कुणीच काही बोलू नये.

‘लिव,’ सासूबाई म्हणाल्या.

भावोजींनी तेव्हाच पिशवी भरली आणि शिरवण्याला मित्राकडे राहायला गेले. सासूबाईंनी त्यांना अडवलं नाही. मग साहेबांना म्हणाल्या, ‘नि माजं डिपॉजिट मोड. तुजं कर्ज पुरं कर. होडी मी देनार नाय.’

‘सगळं संपंल, माय. थोडी मुदत मागून बघतो.’

‘नको. वाटेकरी नायस ना तू? मंग हिशेब पुरा कर.’

डिपॉझिट मोडलं. कर्ज फिटलं. जमीनही गेली होती, आता तिचे पैसेही गेले. त्यानंतर सासूबाई साहेबांशी बोलल्या नाहीत. माणूस आमच्याच पुढच्या खोलीत राहत होता, भाडं वेळेवर देत होता, आणि त्या त्यांच्या समोरून पाटी घेऊन निघून जात. आता त्यांना मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मासे विकत आणून विकावे लागत. मी कधी ताट झाकून त्यांच्या दाराशी ठेवत असे. सासूबाई बघत, पण मना करत नसत. साहेब सकाळी ताट घासून परत ठेवत.

त्यांच्या रिपोर्टने कंपनीचा हप्ता काही दिवस अडला, मग वरून सुटला. कंपनी बंद पडली नाही. टाकीही झाली, पण बऱ्याच उशिरा. भावोजी पुढे घरी परतले आणि त्याच नोकरीवर त्यांनी घर बांधलं, मुलं शिकवली, हेही मला लिहायला हवं. खाडीत मासे पुन्हा आले, पूर्वीसारखे नाहीत. ही वाढ म्हणायची की काय म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेबांची बदली झाली. त्या रिपोर्टमुळे झाली, की बँकेच्या अंगणातल्या माशांच्या लिलावाची कुणी वर तक्रार केली म्हणून, मला माहीत नाही. ते म्हणाले, ‘माझी वेळच झाली होती.’ खाट त्यांनी शिपायाला दिली. सायकल मासेवाल्या बायकांच्या स्वाधीन केली. बायका रडल्या.

जायच्या दिवशी दुपारी मी बांधावर लाकडं आणायला गेले तर ते खाली चिखलात आमच्या होडीपाशी उभे होते. कर्जाच्या होडीवर बँक आपलं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेते, ही होडी आमच्याकडे तारण आहे म्हणून. कर्ज फिटलं की ते नाव काढायचं असतं. ते काम रंगाऱ्याचं, त्याला सांगितलं की झालं. पण साहेब स्वतः पत्र्याचा तुकडा घेऊन ती अक्षरं खरवडत होते. पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, बाह्या खांद्यापर्यंत. शर्टावर निळ्या रंगाचा भुगा उडाला होता.

सासूबाई बांधावर बसल्या होत्या. कधीपासून ते माहीत नाही. साहेबांनाही त्या तिथे आहेत हे माहीत असावं, कारण त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

पाणी चढायला लागलं. आधी घोट्याला आलं, मग पोटऱ्यांना. साहेबांचा हात थांबला नाही. गुडघ्याच्या वर आलं तेव्हा होडी हलू लागली आणि पत्रा अक्षरावरून निसटू लागला. ते एका हाताने होडी धरत आणि दुसऱ्याने खरवडत.

‘भरती आलीय,’ सासूबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्यांनी त्यांच्याशी तोंड उघडलं होतं. ‘वर ये.’

‘एक अक्षर राहिलंय, माय.’

सासूबाई उठल्या. मला वाटलं, घरी निघाल्या. त्यांनी पदर खोचला, पाण्यात उतरल्या, आणि पलीकडच्या बाजूला जाऊन दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून उभ्या राहिल्या, हलू नये म्हणून.